कडुलिंबाखालचा स्विमिंग टँक आणि सफाईचं यंत्र

नागपुरात घरी स्विमिंग टँक कशाला, हे कुणी विचारत नाही. मे २०१३ मध्ये या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपा लागला की दरवर्षी त्याची आठवण निघते. सदरच्या दाट वस्तीत टँकला जागा नाही. पण छावणीच्या बाजूची मोठी आवारं, सिव्हिल लाइन्सचे बंगले, काही गच्च्या, आणि काटोल रोडने बाहेर पडलं की लागणारी फार्महाउसं, अशा ठिकाणी घरगुती टँक असतात. बांधताना टाइल्सचा रंग ठरतो, दिवे ठरतात, काठावरचा दगड ठरतो. रोज झाडणार कोण, हा प्रश्न पहिला उन्हाळा सरता सरता समोर येतो. मग स्वयंचलित क्लीनरची चौकशी सुरू होते. विक्रेता रोबोट दाखवतो. ओळखीचा कुणी सांगतो, साधा सक्शनवाला पुरेल. टँकवर येणारा माणूस म्हणतो, मी आहे ना.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, कारण तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळा टँक असतो. यंत्राची निवड खरं तर तीन गोष्टींवर ठरते: टँकमध्ये काय पडतं, टँकची पाइपजोडणी कशी आहे, आणि यंत्र बंद पडलं तर ते कुणी उघडायचं. या तिन्हींची उत्तरं कॅटलॉगमध्ये नसतात, आपल्याच आवारात असतात. ती हाताशी असली की बाजारातल्या पंधरावीस मॉडेलांतून दोन-तीनच उरतात.

वर्षभरात काय काय पडतं

इंग्रजी पुस्तिकांमध्ये कचऱ्याचे दोन वर्ग असतात, पानं आणि धूळ. नागपूरच्या आवारात एवढ्यावर भागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंब पानं झाडतो. पर्णिका लहान, वाकड्या आणि हलक्या. त्या काही तास पृष्ठभागावर तरंगतात, मग भिजून तळाशी जातात. त्यांच्या मागोमाग येतो मोहर. ही बारीक पांढरी फुलं जाळीवर लगद्यासारखी बसतात. जून-जुलैत निंबोळ्या पडतात. त्या जड असल्याने थेट तळ गाठतात आणि गर सुटला की पाणी चिकट करतात. गुलमोहर आणि चिंच यांच्या पर्णिका तर नखाएवढ्याही नसतात. मोठ्या भोकांच्या जाळीतून त्या सरळ निघून पंपाच्या बास्केटमध्ये जाऊन बसतात.

मे महिन्यात वावटळी धूळ आणतात. ही धूळ म्हणजे रेती, बांधकामांची भुकटी आणि काळी माती यांचं मिश्रण असतं. रेती तळाशी बसते आणि कुठलंही यंत्र ती उचलतं. काळ्या मातीतली चिकणमाती वेगळीच गोष्ट. तिचा कण दोन मायक्रॉनहून लहान असतो. वाळूच्या फिल्टरमध्ये साधारण वीस ते चाळीस मायक्रॉनपर्यंतचे कण अडतात. रोबोटची नेहमीची जाळी याहून बरीच मोकळी असते, आणि 'अतिसूक्ष्म' म्हणून विकली जाणारी जाळीही पन्नास मायक्रॉनच्या आसपासच थांबते. म्हणजे पावसाळ्यात अंगणातून वाहत आलेलं गढूळ पाणी टँकमध्ये शिरलं, तर महागातला रोबोटही ते गाळू शकत नाही. तो ते ढवळेल आणि संध्याकाळी पाणी सकाळइतकंच गढूळ असेल.

पावसाळ्याचा दुसरा पाहुणा शेवाळ. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद टँकवर हजार मिलिमीटर पडला, तर बत्तीस हजार लिटर पाणी वरून आलं. एवढ्या लांबी-रुंदीच्या, सरासरी १.४ मीटर खोल टँकमध्ये एकूण पाणी सुमारे पंचेचाळीस हजार लिटर असतं. म्हणजे हंगामभरात दोन-तृतीयांश टँक नवं, बिनक्लोरिनचं पाणी येऊन जातं. ढगाळ, दमट हवेत क्लोरिन पातळ झालं की कोपरे आणि पायऱ्या हिरव्या होऊ लागतात.

तेव्हा यंत्र पाहायला जाण्याआधी एक काम करावं. आपल्या पंपाची बास्केट आणि तळाचा कचरा आठवडाभर रोज एका पांढऱ्या कापडावर काढून पाहावा. पानं जास्त, रेती जास्त, की हात लावताच विरघळणारा गाळ जास्त, हे कळलं की निवडीचं अर्धं काम झालं.

यंत्रांची घराणी

पहिलं घराणं हातानं चालवायचं. लांब होणारा दांडा, त्याच्या टोकाला चाकांचं व्हॅक्यूम हेड, तिथून लवचीक होज आणि होजचं दुसरं तोंड भिंतीतल्या व्हॅक्यूम पॉइंटला किंवा स्किमरला. पंप ओढतो, माणूस दांडा फिरवतो. हे स्वयंचलित नव्हे, पण आढाव्यात त्याला पहिली जागा द्यावी लागते. याचं कारण पुढे येईल.

दुसरं घराणं सक्शन क्लीनरचं. त्यात मोटर नसते. होज व्हॅक्यूम पॉइंटला जोडली की टँकच्याच पंपाच्या ओढीवर आतली पट्टी किंवा पडदा फडफडतो, त्या धक्क्यांनी यंत्र पुढे सरकतं आणि कचरा पंपाच्या बास्केटमध्ये जातो. या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध पूर्वज 'क्रीपी क्रॉली'. हायड्रॉलिक्सचे अभियंते फर्डिनांड शोव्हिए यांनी तो १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्प्रिंग्ज या गावात घडवला. तिथल्या उपनगरांत घरोघरी स्किमर आणि पंप आधीच होते. एक होज जोडली की काम सुरू, म्हणून तो भराभर पसरला. आजही याची किंमत रोबोटपेक्षा पुष्कळ कमी असते, सुटे भाग थोडे असतात आणि घरच्या घरी बदलता येतात. उणीव तीन: पंप चालू असेपर्यंतच ते चालतं, सगळा कचरा पंप-फिल्टरच्याच वाटेने जातो, आणि निंबोळी किंवा चिंचेचा तुकडा घशात अडकला की ते जागच्या जागी थांबतं. होजच्या मध्ये पानं अडवणारा एक जाळीदार डबा बसवला तर तिसरी उणीव बरीच कमी होते. विक्रेते हा डबा आपणहून सुचवत नाहीत, तेव्हा तो मागून घ्यावा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. क्लीनर स्किमरला जोडला की स्किमरची पृष्ठभागावरची ओढ संपते. पानगळीच्या दिवसांत वर तरंगणारी पानं तेवढा वेळ तशीच राहतात, भिजतात आणि तळाशी जातात, म्हणजे यंत्र स्वतःचंच काम वाढवून ठेवतं. अशा दिवसांत सकाळी आधी जाळीने पृष्ठभाग उपसावा आणि मगच क्लीनर सोडावा.

तिसरं घराणं प्रेशर क्लीनरचं. फिल्टरमधून परतणाऱ्या पाण्याच्या जोरावर ते चालतं आणि कचरा स्वतःच्या पिशवीत घेतं. मोठ्या पानांसाठी हे उत्तम, कारण पंपाच्या बास्केटवर ताण येत नाही. पण बऱ्याच मॉडेलांना भिंतीत स्वतंत्र पाइप आणि जोडीला बूस्टर पंप लागतो. टँक बांधतानाच ती पाइप टाकलेली नसेल, तर टाइल्स फोडाव्या लागतात. बांधून झालेल्या टँकच्या मालकाने या घराण्याचा मोह सोडलेला बरा. नवा टँक बांधणाऱ्याने मात्र आर्किटेक्टला हा प्रश्न खड्डा खणण्याआधी विचारावा, कारण तेव्हा एक जास्तीची पाइप टाकण्याचा खर्च किरकोळ असतो.

चौथं घराणं रोबोटचं. मेट्रॉनिक्स ही 'डॉल्फिन' बनवणारी कंपनी १९८३ मध्ये इस्राएलमधल्या यिझ्रेल या किबुत्झमध्ये सुरू झाली आणि घरगुती इलेक्ट्रिक क्लीनर जगभर नेण्यात तिचा मोठा वाटा आहे. रोबोटमध्ये चाकं किंवा पट्टे फिरवणारी मोटर, पाणी ओढणारी मोटर, ब्रश आणि कचऱ्याचा डबा हे सगळं त्याच्याच पोटात असतं. टँकच्या पंपाशी त्याचा संबंध नाही. काठावरचा ट्रान्सफॉर्मर घरच्या विजेचा दाब तीस व्होल्टच्या आसपास उतरवतो आणि तरंगत्या केबलने तो रोबोटला मिळतो. अलीकडे बिनकेबलचे, बॅटरीवर चालणारे रोबोटही मुबलक आले आहेत. भिंत चढणं, पाण्याच्या रेषेवर घासणं, दिशा ओळखून एका ओळीत फिरणं, मोबाइलवरून वेळ लावणं हे गुण किमतीबरोबर वाढत जातात.

या चौघांशिवाय पृष्ठभागावर तरंगत पानं गोळा करणारे सौर यंत्रमानव मिळतात. कडुलिंबाखालच्या टँकसाठी ही कल्पना चांगली आहे, कारण पान बुडण्याआधीच उचललं जातं. पण त्यांनी तळ साफ होत नाही. ते पूरक यंत्र आहे, मुख्य नव्हे.

पाइपजोडणी काय म्हणते

आपल्याकडचे घरगुती टँक ढोबळमानाने चार प्रकारचे. भिंतीत स्किमर असलेला. काठावरून पाणी ओसंडून खालच्या बॅलन्सिंग टँकमध्ये जाणारा ओव्हरफ्लो. काठावर लटकवलेल्या पाइपलेस फिल्टरचा. आणि गच्चीवर किंवा अंगणात उभा केलेला कापडी-फ्रेमचा.

स्किमरच्या टँकला सक्शन आणि रोबोट दोन्ही चालतात. ओव्हरफ्लो टँकला स्किमरच नसतो, म्हणून भिंतीत वेगळा व्हॅक्यूम पॉइंट आहे का, आणि पंपघरात त्याचा स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे का, हे पाहावं लागतं. पॉइंट असतो पण व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असतो, असंही होतं; खरेदीआधी तो फिरवून पाहावा. पाइपलेस फिल्टरमध्ये काही मॉडेलांना व्हॅक्यूम जोडायची सोय असते, काहींना नसते. नसेल तर रोबोटच घ्यावा लागतो. फ्रेमच्या टँकसोबत येणारा छोटा पंप सक्शन क्लीनर हलवण्याइतकी ओढ देत नाही. तिथे हाताचा व्हॅक्यूम किंवा हलका बॅटरीवाला रोबोट पुरतो.

सक्शन क्लीनर घेणाऱ्याने पंपाचा प्रवाहही मोजावा. पंचेचाळीस हजार लिटर सहा तासांत एकदा फिरवायचं तर ताशी साडेसात हजार लिटर लागतात. क्लीनरच्या पुस्तिकेत किमान प्रवाह दिलेला असतो. वाळू जुनी आणि तुंबलेली असेल, तर पाटीवरचा हॉर्सपॉवरचा आकडा दिलासा देतो पण प्रवाह मिळत नाही. सक्शन क्लीनर रेंगाळतो अशी तक्रार असेल, तर क्लीनर बदलण्याआधी फिल्टरची वाळू पाहावी.

टाइल्स आणि पायऱ्या

परदेशी पुस्तिकांतले टँक बहुधा सिमेंटच्या खरखरीत प्लास्टरचे किंवा विनाइल लाइनरचे असतात. आपल्याकडे काचेच्या मोझेक किंवा चकचकीत सिरॅमिक टाइल्स लावायची रीत आहे. गुळगुळीत ओल्या काचेवर साध्या रबरी ब्रशची पकड सुटते, आणि भिंत चढणारा म्हणून घेतलेला रोबोट हातभर चढून घसरतो. टाइल्ससाठी स्पंजसारखे मऊ पीव्हीए ब्रश मिळतात. रोबोट घेताना 'माझ्या टँकमध्ये काचेची टाइल आहे' हे वाक्य आधी बोलावं आणि त्या ब्रशची जोडी व्यवहारातच मागावी.

काळ्या जमिनीचा गुण असा की ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया नीट नसेल तर काही वर्षांत टाइल्सच्या कडा उचलल्या जातात. उचललेल्या कडेवर सक्शन क्लीनरची कड अडकते आणि रोबोटचा पट्टा कापला जातो. आधी टाइल्सची डागडुजी, मग यंत्र, हा क्रम उलटा करू नये. चौरस कोपरे आणि अरुंद पायऱ्या मात्र कुठल्याही यंत्राला पूर्ण साधत नाहीत. तिथे हातानं ब्रश मारणं आलंच.

नागपूरचं ऊन, नागपूरचं पाणी

रोबोटच्या पुस्तिकेत एक ओळ असते जी युरोपातला ग्राहक वाचत नाही आणि नागपूरच्या ग्राहकाने आधी वाचावी: पाण्याच्या तापमानाची मर्यादा. अनेक मॉडेलांत ती ३४-३५ अंशांच्या आसपास असते. खोल, झाडाच्या सावलीतल्या टँकला अडचण नाही. पण गच्चीवरच्या उथळ, उघड्या टँकचं पाणी मे महिन्याच्या दुपारी ही मर्यादा ओलांडू शकतं. मोटर पाण्यानेच थंड होत असते, आणि पाणीच गरम असेल तर ती बंद पडते किंवा हळूहळू खराब होते. उपाय सोपा आहे: उन्हाळ्यात यंत्र पहाटे चालवायचं. मोबाइलवरून वेळ लावायची सोय इथे खरी कामाला येते.

बॅटरीच्या रोबोटला दुसरी अडचण. लिथियम बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. पत्र्याच्या पंपघरात दुपारी त्याहून जास्त तापमान होतं. चार्जिंग घरात, रात्री, हा नियम पाळणार असाल तरच बिनकेबलचा रोबोट घ्या. शिवाय बॅटरी काही वर्षांनी दमते. ती बदलून मिळते की सगळं यंत्रच टाकावं लागतं, हे विकत घेताना स्पष्ट विचारावं. केबलवाल्या रोबोटची केबल उन्हात पडून कडक होते आणि तडकते, म्हणून काम झालं की यंत्र बाहेर काढून सावलीत ठेवणं दोन्ही प्रकारांना लागू आहे.

पाण्याचंही असंच. नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं, पण टँक भरायला आणि उन्हाळ्यात पातळी राखायला अनेकदा बोअरचं पाणी घेतलं जातं, आणि ते जड असतं. आपल्या बत्तीस चौरस मीटरच्या टँकची पातळी बाष्पीभवनाने एक सेंटिमीटर उतरली की ३२० लिटर पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. वर पुन्हा बोअरचं पाणी ओतलं की क्षारांत भर. महिन्याभरात पाण्याच्या रेषेवर पांढरी किनार दिसू लागते. सक्शन क्लीनर त्या रेषेपर्यंत पोचत नाही. पाण्याची रेषा घासणारा रोबोट ताजी किनार काढतो, पण दगडासारखा जमलेला थर त्यालाही निघत नाही. ज्यांचा टँक बोअरवर आहे त्यांनी या गुणासाठी थोडे पैसे जास्त मोजले तर ते वाया जात नाहीत. ज्यांना नळाचं पाणी मिळतं, त्यांनी त्यासाठी जास्त मोजायची गरज नाही.

विजेचा आणि पाण्याचा हिशेब

रोबोट विजेची बचत करतो, असं विक्रेते सांगतात. हे अर्धं खरं आहे. एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो आणि रोबोट दोन तासांच्या फेरीत जेमतेम पाव-अर्धं युनिट. पण पाणी गाळण्यासाठी पंप रोज सहा-आठ तास चालवावाच लागतो. सक्शन क्लीनर त्याच तासांत चालवला, तर त्याची वेगळी वीज लागत नाही. विजेच्या बिलावरून या दोघांत निवड करू नये.

पाण्याच्या बाबतीत मात्र रोबोटचं पारडं जड आहे. सक्शन क्लीनरचा कचरा पंपाच्या बास्केटमध्ये आणि बारीक धूळ वाळूत जाते. वाळू तुंबली की ती उलट प्रवाहाने धुवायची, म्हणजे बॅकवॉश, आणि ताशी साडेसात ते दहा हजार लिटरच्या प्रवाहाने तीन मिनिटं बॅकवॉश केलं तर चारशे-पाचशे लिटर पाणी गटारात जातं. धुळीच्या दिवसांत हे आठवड्यातून दोनदा करावं लागलं, तर महिन्याला चारेक हजार लिटर झाले. रोबोट आपला कचरा आपल्याच डब्यात ठेवतो. डबा बादलीभर पाण्यात धुऊन होतो. उन्हाळ्यात टँकर बोलावणाऱ्या फार्महाउसला हा फरक जाणवतो.

यंत्राच्या हाती नसलेली कामं

स्वयंचलित क्लीनर घेतलेल्यांची निराशा एकाच ठिकाणी होते: तळ चकचकीत, पण पाणी दुधाळ. पाणी स्वच्छ ठेवण्याचं काम फिल्टर आणि क्लोरिन यांचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत क्लोरिनच्या टँकसाठी पीएच ७.२ ते ७.८ असावा असं सांगितलं आहे. यामागे साधं रसायन आहे. पीएच ७.५ ला पाण्यातलं मुक्त क्लोरिन जवळपास निम्मं प्रभावी रूपात असतं, ८ ला ते पावावर येतं. जड पाण्याच्या टँकचा पीएच वर सरकत राहतो, मग मालक क्लोरिन वाढवत राहतो आणि डोळे चुरचुरतात ते वेगळंच. दहा मिनिटांची रोजची तपासणी रोबोट करत नाही.

क्लोरिनच्या गोळ्या किंवा दाणे म्हणून आपल्याकडे बहुधा ट्रायक्लोर वापरतात. त्यातलं सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरिनला वाचवतं, पण ते स्वतः उडत नाही, साठत जातं. मार्गदर्शिकेत त्याची वरची मर्यादा लिटरला शंभर मिलिग्रॅम आहे. पावसाळ्यात ते आपोआप पातळ होतं. उन्हाळाभर फक्त वरून पाणी घालत राहिलेल्या टँकमध्ये मात्र ते वाढतच राहतं आणि क्लोरिन असूनही शेवाळ धरतं.

शेवाळ धरलं की लोक रोबोट सोडतात. क्रम असा हवा: आधी भिंती हातानं घासायच्या, पीएच खाली आणायचा, क्लोरिनचा मोठा डोस द्यायचा, पंप सलग चालवायचा. मेलेलं शेवाळ तळाशी बसलं आणि क्लोरिन नेहमीच्या पातळीला उतरलं की मगच रोबोट. जास्त क्लोरिनमध्ये त्याची रबरं आणि सील लवकर जातात.

आणि तुरटी. गढूळ टँकमध्ये रात्री तुरटी फिरवून सकाळी तळाशी बसलेला साका काढणं ही आपल्याकडची चालत आलेली, आणि योग्य, पद्धत आहे. काळ्या मातीच्या त्या सूक्ष्म कणांना एकत्र आणण्याचा तोच मार्ग आहे. पण हा साका काढायचा तर पंप फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर सोडायचा असतो, म्हणजे 'वेस्ट' वर, आणि हेड अगदी हळू फिरवायचं असतं. रोबोट सोडला की साका पुन्हा पाण्यात उठतो. फिल्टरमधून काढायला गेलं तर वाळू तुंबते. हाताच्या व्हॅक्यूमला पहिली जागा दिली ती यासाठी. रोबोट कितीही चांगला घेतला, तरी दांडा, हेड आणि होज घरात हवीच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत झालेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. असं गटारमिश्रित पाणी टँकमध्ये आलं, तर कुठल्याही यंत्राचा विचार करू नये. ते पाणी काढून टाकून टँक धुऊन निर्जंतुक करावा लागतो. मात्र जमिनीतली पाण्याची पातळी वर असताना टँक घाईने पूर्ण रिकामा करू नये, कारण खालच्या दाबाने रिकामी फायबरची टाकी वर उचलली जाते आणि काँक्रीटला तडे जाऊ शकतात. अशा वेळी टँक बांधणाऱ्याचा सल्ला घ्यावा.

सुरक्षिततेच्या गोष्टी

रोबोट किंवा सक्शन क्लीनर पाण्यात असताना कुणीही पोहू नये, मुलांनी तर नाहीच. व्हॅक्यूम पॉइंट वापरात नसताना त्यावर झाकण हवं. पंपाची ओढ केस आणि बोटं पकडते. ट्रान्सफॉर्मर काठापासून पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, साधारण साडेतीन मीटर, आणि पावसात न भिजणाऱ्या जागी ठेवावा. त्या प्लगच्या वाटेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. पंपघराची वायरिंग जुनी असेल, तर रोबोटआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

दुकानात काय विचारायचं

किमतींची उतरंड ढोबळ अशी: हाताचा व्हॅक्यूम संच काही हजारांत, सक्शन क्लीनर काही दहा हजारांत, आणि बरा रोबोट लाखाच्या घरात किंवा त्याहून वर. पण पहिली किंमत हा खर्चाचा एक भाग. सक्शन क्लीनरचा पडदा आणि खालची चकती झिजते. ती नागपुरात मिळते का? रोबोटचे ब्रश, पट्टे आणि जाळी दोन-तीन हंगामांत बदलावी लागू शकते. सुट्या भागांची किंमत लेखी मिळेल का? मोटरचा डबा सीलबंद असतो. तो बिघडला तर इथे उघडणारं कुणी आहे, की मुंबई-पुण्याला पाठवायचा? पाठवला तर मधल्या काळात दुसरं यंत्र देणार का? वॉरंटी केबल आणि ट्रान्सफॉर्मरवरही आहे का? ऑनलाइन स्वस्तात मिळालेलं आयात यंत्र या प्रश्नांवर बहुधा अडतं.

सर्वांत उपयोगी मागणी म्हणजे आपल्या टँकमध्ये प्रात्यक्षिक. विक्रेत्याच्या स्वच्छ टँकमध्ये सगळीच यंत्रं छान चालतात. पानगळीच्या किंवा धुळीच्या दिवसांत, तळ दोन दिवस न झाडता, आपल्या टाइल्सवर यंत्र एक फेरी चालू द्यावं. भिंत किती चढलं, पायरीशी किती वेळ अडखळलं, डब्यात काय आलं आणि डबा उघडून धुवायला किती त्रास पडला, हे अर्ध्या दिवसात समजतं. वयस्क माणसाला भरलेला, ओला रोबोट पाण्याबाहेर ओढता येतो का, हेही तेव्हाच पाहून घ्यावं. कॅटलॉगमधलं वजन कोरड्या यंत्राचं असतं.

कुणाला काय

झाडांखालचा, स्किमरचा मध्यम टँक आणि नियमित येणारा माणूस असेल, तर पानांच्या डब्यासह सक्शन क्लीनर आणि पृष्ठभागासाठी लांब जाळी पुरते. ओव्हरफ्लो किंवा पाइपलेस टँक, बोअरचं पाणी आणि रोज कुणी नसलेलं फार्महाउस असेल, तर पाण्याची रेषा घासणारा, पीव्हीए ब्रशचा केबलवाला रोबोट योग्य. साध्या आयताकृती आठ-चार मीटरच्या टँकला महागडी दिशादर्शक यंत्रणा लागत नाही; आडवंतिडवं फिरूनही दोन तासांत तळ होतो. वाकडातिकडा, मोठा टँक असेल तर तिच्यावर खर्च करावा. गच्चीवरच्या छोट्या टँकला हलका बॅटरीवाला, तोही पहाटे चालवून. आणि ज्यांचा टँक वर्षातून चारच महिने वापरात असतो, त्यांनी हाताच्या व्हॅक्यूमवर भागवून उरलेले पैसे चांगल्या झाकणावर घालावेत. पानं आणि बाष्पीभवन दोन्ही झाकणाने कमी होतात.

राहिला टँकवर येणारा माणूस. यंत्र आलं म्हणून त्याला कमी करणं हा खोटा काटकसरीपणा आहे. झाडण्यात जाणारा त्याचा वेळ यंत्राने मोकळा केला, तर तो पीएच आणि क्लोरिन रोज तपासू शकतो, बास्केट उपसू शकतो, पायऱ्या घासू शकतो, व्हॉल्व्ह फिरते ठेवू शकतो. घरगुती टँक बहुधा या कामांच्या आबाळीनेच बिघडतात. म्हणून खर्चाचा क्रम असा लावावा: पहिले पैसे फिल्टरच्या वाळूवर आणि तपासणी किटवर, दुसरे आरसीसीबीवर, तिसरे त्या माणसाला ही कामं नीट शिकवण्यावर, आणि या तिन्ही गोष्टी झाल्यावर जे उरतील त्यांत बसेल ते यंत्र.